संत्र्याच्या पेटीतली हिमनदी

हिमनद्यांचा अभ्यास मी नागपुरात केला, आणि तोही मे महिन्यात. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. ज्या गावात दुपारी नळाचं पाणी अंगाला चटके देतं, कूलरचा वाळा तासाभरात कोरडा ठणठणीत होतो आणि पोरं घराबाहेर पडली की आया त्यांच्या खिशात कांदा कोंबतात, त्या गावात भूशास्त्राच्या वर्गात बसून आम्ही बर्फ डोंगर कसा खरवडतो ते वहीत उतरवून घेत होतो. घामाने पान हाताला चिकटायचं आणि शाई पसरायची. माझ्या वहीतल्या सगळ्या हिमनद्या त्यामुळे पुसट आहेत.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी एम.एस्सी.ला होते आणि आम्हाला शिकवणारे सर बर्फाने झपाटलेले होते. ते तीनदा हिमालयात जाऊन आले होते. एका खेपेला त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला हिमदंश झाला होता, आणि दर वर्षी नव्या वर्गापुढे बूट-मोजा काढून ती काळवंडलेली करंगळी दाखवल्याशिवाय त्यांचा पहिला तास संपत नसे. चंद्रपूरच्या बाजूला सहलीला नेऊन त्यांनी आम्हाला ओरखडे पडलेले दगड दाखवले होते. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या या मुलखावरही बर्फ होता आणि त्यानेच हे दगड घासत नेले, असं ते सांगत होते आणि आम्ही डोक्याला ओले रुमाल बांधून ऐकत होतो. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "सर, तो परत कधी येणार?" सर सोडून सगळे हसले.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला नवल वाटायला नको. मी तापट. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा, त्याला चढायचे कष्टही पडत नसत. आधी बोलायचं आणि मग विचार करायचा, अशी माझी रीत. आई म्हणायची, "हिले पोटात असताना मी मिरच्या कांडत होती, तेच भोवलं." ते खरं असेलही, आमच्या घरी मिरच्या बऱ्याच कांडल्या जात.

त्या वर्षी उन्हाळ्यात सरांचे एक मित्र हिमालयातल्या एका हिमनदीवर पथक घेऊन जाणार होते. ते सरकारी खात्यात मोठे अधिकारी होते. पथकात नोंदी घ्यायला त्यांना एक विद्यार्थी हवा होता. एकच. दोन महिने बर्फावर तंबूत राहायचं, बांबू रोवून बर्फ किती उतरला ते मोजायचं. सरांनी वर्गात हे सांगितलं तेव्हा पहिला हात माझा वर गेला. मी तोवर डोंगर म्हणून सेमिनरी हिल पाहिली होती, आणि बर्फ म्हणून लादी.

घरी परवानगीचा प्रश्न आला तेव्हा आत्याने डोळे मोठे केले. पोरीची जात, परका मुलूख, तंबू. बाबा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला नाही. "बर्फातच जाऊन राहिली ना वं ते," ते आत्याला म्हणाले, "आगीत तं नाही." विषय संपला.

वर्गातल्या बाकीच्यांनी घरच्या लग्नांची, परीक्षांची आणि सर्दीची कारणं सांगून अंग काढून घेतलं. उरलो दोघं. मी आणि एक मुलगा, जो रोज एसटीने कळमेश्वरहून यायचा. त्याला आम्ही सगळे कळमेश्वरवालाच म्हणत असू. त्याच्या घरी शेती होती. तो कमी बोलायचा, पेन्सिल टोकदार ठेवायचा आणि डब्यात नेहमी एक भाकर जास्त आणायचा, कारण कोणीतरी उपाशी असतंच, असं त्याचं म्हणणं. ती जास्तीची भाकर बहुतेक मीच खात असे. तरी त्या महिन्यात तो मला शत्रू वाटू लागला होता.

सरांनी निवडीसाठी एक प्रयोग ठरवला. हिमनदीवर वरून दगडमाती पडत असते. ही माती पातळ असली तर ऊन पिऊन तापते आणि खालचा बर्फ लवकर वितळवते. जाड असली तर उलट पांघरुणासारखी बर्फाला जपते. हे पुस्तकात होतं. सरांना ते गच्चीवर बघायचं होतं. संत्रा मार्केटातून रिकाम्या लाकडी पेट्या आणल्या. प्रत्येक पेटीत बर्फाचा पाव लादीचा तुकडा ठेवायचा, चारी बाजूंनी लाकडाचा भुसा ठासायचा, म्हणजे फक्त वरचं तोंड उघडं राहील. दोघांच्या तीन-तीन पेट्या. पहिल्या पेटीतला बर्फ उघडा. दुसरीतल्या बर्फावर काळी माती नुसती भुरभुरवलेली. तिसरीत चार बोटं जाड खडी. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत दर तासाला पट्टी लावून बर्फ किती खाली गेला ते लिहायचं. असं तीन दिवस. बारा ते एक मात्र गच्चीवर कोणी थांबायचं नाही, लू लागून कोणी पडलं तर सरांची नोकरी जाईल. चौथ्या दिवशी सरांचे मित्र येऊन दोघांच्या वह्या बघणार आणि एकाला नेणार.

बर्फ आणणार होते माझे बाबा.

बाबा बर्फाच्या कारखान्यात होते. मिठाच्या पाण्याच्या हौदात पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवलेले असत, त्यांतलं पाणी गोठलं की साखळीने डबे वर ओढायचे, साध्या पाण्यात एक बुडी द्यायची आणि डबा आडवा केला की लादी सुळकन बाहेर. हे काम त्यांनी माझ्या जन्माआधीपासून केलं होतं. त्यांचे तळहात बारमाही गार असत. आम्हा भावंडांना ताप आला की आई त्यांना कामावरून बोलावून घ्यायची आणि ते नुसते कपाळावर हात ठेवून बसायचे. दीक्षाभूमीवर दर वर्षी लोक लोटत तेव्हा पाण्याच्या पिंपांत बर्फ टाकायला बाबा पहाटेपासून हजर. लोकांना गार पाणी पाजायला मिळतं याचा त्यांना भारी अभिमान होता.

आणि बर्फ उघडा दिसला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. हा त्यांचा धर्मच होता म्हणा ना. लादी निघाली की तिच्यावर भुसा, भुशावर ओलं पोतं, आणि पोत्याची चारही टोकं खाली दुमडून घट्ट खोचलेली, गादीवर चादर घालावी तशी. कोणाच्या लग्नाला गेलो तर आम्ही मांडवात आणि बाबा मांडवामागे, बर्फ झाकत. एकदा तर नवरदेवाकडच्या आचाऱ्याला त्यांनी असं फैलावर घेतलं की तो यांना मुलीचा मामा समजून पाया पडला.

तर पहिल्या दिवशी साडेसातला बाबा सायकल रिक्षावर लाद्या घेऊन आले. आकड्याने तुकडे उचलून तीन जिने चढले. कळमेश्वरवाल्याने न सांगता एका बाजूने हात लावला. बाबांनी सुव्याने टोचे मारून असे सारखे तुकडे पाडले की सर चष्मा काढून बघत राहिले. सगळे तुकडे पोत्यांत गुंडाळून, टोकं खाली खोचून सावलीला ठेवले, सरांना नमस्कार केला आणि बाबा लगेच परतले. मे महिना म्हणजे कारखान्यात मान वर करायला सवड नाही. पुढे आम्ही त्या बर्फाचं काय करतो ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला वाटलं, त्यांना काय कळणार त्यातलं. हे लिहिताना आजही मान खाली जाते.

पहिले दोन दिवस मजेत गेले. अख्ख्या कॉलेजला गच्चीचा लळा लागला. रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक शंका विचारायच्या निमित्ताने यायचे आणि पेटीवर हात धरून उभे राहायचे. शिपायाने पेटीतून गळणाऱ्या पाण्याखाली बादली लावली आणि त्या पाण्यात स्वतःचे पाय बुडवले. कावळे तर रांगेत. माती भुरभुरवलेला बर्फ खरोखरच सगळ्यात लवकर खाली जात होता, खडीखालचा निवांत होता आणि उघडा दोघांच्या मधे. माझे आकडे पुस्तकात होते तसेच येत होते. कळमेश्वरवाल्याचेही येत होते. दुसऱ्या दिवसाअखेर सर म्हणाले, "दोघंही बरोबरीत आहात. उद्यावर ठरेल." मी घरी जाऊन आईची लोकरी शाल ट्रंकेतून काढून उन्हात टाकली. मे महिन्यात अंगणात शाल वाळत घालणारं आमच्या इंदोरा वस्तीतलं ते एकमेव घर असावं.

तिसऱ्या दिवशी बाराची नोंद घेऊन आम्ही खाली आलो. एक वाजता मी सगळ्यांच्या आधी धावत वर गेले. माझी उघड्या बर्फाची पेटी जिन्याच्या दाराजवळच होती. तिच्यावर ओलं पोतं पसरलेलं होतं.

मी ते ओढून काढलं आणि पट्टी लावली. तासाभरात बर्फ सूतभरही, म्हणजे इंचाचा आठवा भागही, उतरला नव्हता. भर उन्हातला, उघडा म्हणून ज्याची नोंद करायची तो बर्फ गारेगार झोपला होता. तिसरा दिवस वाया. इतके दिवस जे स्वप्न बघत होते ते या पोत्याखाली गेलं असं मला वाटलं. मागे पावलं वाजली. कळमेश्वरवाला वर येत होता, आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते.

राग आला की माझी पुस्तकी मराठी गळून पडते. "काहून टाकलं पोतं?" मी ओरडले. "माह्या बर्फावर पोतं टाकाले लाज नाही वाटली तुले? सरळ हरवता येत नाही म्हून असं करतं काय?"

तो जागच्या जागी थांबला. "मी नाही टाकलं," तो म्हणाला.

"मंग हात काहून ओले?"

"हात धुतले. जिन्यातल्या नळावर. जेवलो ना."

तोवर अर्धा वर्ग वर आला होता, मागोमाग सर. मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. एवढंच की त्याची भाकरसुद्धा मी सोडली नाही, म्हणाले, रोज भाकर खिलवतं ते यासाठीच होय. तो खाली वाकून पोत्याकडे बघत होता. त्याने ते हातात घेतलं, एक टोक उलटून बघितलं आणि परत ठेवून दिलं. पुढे तो बोललाच नाही. न बोलणं म्हणजे कबुली, असं मला वाटलं, आणि वर्गालाही तसंच वाटलं. सरांचा चेहरा कसनुसा झाला. "तुझं नाव मी तूर्त बाजूला ठेवतो," ते त्याला म्हणाले. "उद्या बोलू." त्याने मान हलवली, दोनची नोंद घेतली, आणि नेहमीच्या एसटीने घरी गेला.

मी जिंकले होते. बर्डीच्या बाजारातून घरी येताना मी चार आण्याचा उसाचा रस प्याले आणि त्यातला बर्फ चघळत चघळत मनातल्या मनात तंबूत शिरले.

साडेपाचला बाबा कामावरून आले. आईने चहा दिला. बशीत चहा ओतता ओतता ते सहज म्हणाले, "तुह्या बर्फाची तं पार वाट लागली असती वं आज."

मी कप खाली ठेवला.

"पोते न्याले आलतो दुपारी," ते म्हणाले. "गच्चीवर कोनीच नाही, आन् तुह्या नावाची पेटी उघडी. टकटक उन्हात. माहा जीवच गेला. बाकीचे पोते रिक्षात टाकले होते, एकच हातात होतं, ते टाकीच्या नळाखाली ओलं केलं आन् झाकून देल्लं. बाजूच्या पेटीवर तं कोनी चिमूटभर माती टाकून ठेवली होती. अशी पातळ माती टाकनं म्हंजे न टाकन्यापेक्षा वाईट, हे नाही का समजत शिकलेल्या लोकाइले? पोतं दुसरं हाताशी असतं तं तेही झाकलं असतं."

ते असे खूश होते की बस. पोरीचं काहीतरी वाचवून आले होते ना.

आणि मी त्यांच्यावर तुटून पडले. कोणी सांगितलं होतं तुम्हाला, तो बर्फ वितळवायचाच होता, वितळतो किती तेच मोजत होतो आम्ही, माझं सगळं गेलं. आई "हळू बोल वं, हळू" म्हणत राहिली. बाबांनी बशी खाली ठेवली. त्यांचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू उतरत गेला. "पिघळवाचा होता?" त्यांनी विचारलं. "मले वाटलं, किती टिकते ते पाहून राहिले तुम्ही. मले कोनी सांगतलंच नाही." तीन दिवस मी एकाच घरात त्यांच्याबरोबर जेवत होते, आणि एक वाक्य सांगायला मला सुचलं नव्हतं.

मग मला त्या मुलाची आठवण झाली. राग झरकन उतरला. मी बाबांना तेही सांगितलं. कोणाला काय बोलले, सगळं. आता गप्प बसले तर उद्या हिमालयासाठी माझंच नाव ठरणार होतं. पोतं कोणी टाकलं हे आमच्या घराबाहेर कोणालाही कळणार नव्हतं. हा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. आला, आणि चांगला अर्धा तास मुक्कामाला राहिला. आईसुद्धा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "त्या पोराले पुढच्या साली भेटन संधी." बाबांनी उद्यासाठी पांढरा सदरा काढून इस्त्रीला दिला. ते बघितलं आणि माझं ठरलं.

सकाळी बाबा आणि मी कॉलेजच्या फाटकाशी उभे राहिलो. कळमेश्वरवाला आला, खांद्याला तीच पिशवी. मी सांगितलं. चूक माझी, पोतं बाबांनी टाकलं, मी तुला नाही नाही ते बोलले, माफ कर. इतकं बोलायला मला जेवढा वेळ लागला तेवढा पूर्ण परीक्षेत लागला नव्हता.

"मले मालूम होतं," तो म्हणाला.

"काय मालूम होतं?"

"पोतं काकांनी टाकलं ते. चारी टोकाइले खोचल्याच्या घड्या पडल्या होत्या. असं कोन खोचते, मी पायलं ना पहिल्या दिवशी." मग तो जरा हसला. "आन् मले तुहं वाटोळं कराचंच असतं तं मी मीठ टाकलं असतं. पोतं काहून टाकीन? त्यानं तं बर्फ वाचते."

"मग काल सांगितलं का नाहीस?"

त्याने बाबांकडे बघितलं आणि पायांकडे बघितलं. "अख्ख्या वर्गापुढं काकाचं नाव घेऊ का मंग?"

बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या क्षणी कुठेतरी तोंड लपवावंसं वाटत होतं आणि फाटकापाशी लपवायला जागा नव्हती.

सरांच्या खोलीत त्यांचे मित्र आले होते. उंच, रापलेले, चहात खारी बुडवत होते. मी तोंड उघडायच्या आत बाबाच पुढे झाले. "साहेब, पोतं मी टाकलं," ते म्हणाले. "या पोराचा काही दोष नाही आन् माह्या पोरीलेही मालूम नोहतं. बर्फ उघडा दिसला का माह्या हाताले राहवत नाही. तीस वर्सं झाले, सवय लागली."

साहेबांनी खारी खाली ठेवली आणि बाबांना खुर्ची दिली. मग ते त्यांना विचारू लागले. भुसा किती जाड टाकता? चार बोटं, बाबा म्हणाले, तीनानं भागते पन चार बरा. आणि पातळ टाकला तर? तर न टाकलेला परवडला, विशेषतः भुसा मातीनं मळला असन तं, तो बर्फ खाते. कोणता बर्फ जास्त टिकतो? काचेसारखा साफ असन तो. पोटात पांढरी हवा असन तो लवकर जाते. साहेब मधेच सरांकडे वळून म्हणाले, "तू हे पुस्तकातून शिकवतोस ना रे?" सरांनी कबूल केलं, आणि वर म्हणाले, "आणि हे आमच्या जिन्यावरून तीन दिवस ये-जा करत होते." बाबा इतके लाजले की सदऱ्याचं बटण पिळत बसले. मला मात्र त्यांचा असा अभिमान वाटला की मी कशासाठी आले होते ते दोन मिनिटं विसरूनच गेले.

मग भानावर येऊन मी माझं सगळं सांगितलं, आणि साहेब माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "नोंदी तुझ्याही चांगल्या आहेत," ते म्हणाले. "पण तिथे आम्ही एका दोरीला बांधून चालतो. भेगेत एक पडला तर दुसऱ्याने धरायचं. माझ्या दोरीवर मला असा माणूस हवा, जो शेजाऱ्यावर धावून जायच्या आधी पोत्याची टोकं बघतो." टोकांची गोष्ट सरांना कळमेश्वरवाल्याने सांगितली नव्हती, ती नुकतीच मीच सांगून बसले होते. सगळं सांगायचं म्हणून सगळं सांगितलं होतं.

तो गेला. मी नाही. मला वाईट वाटलं का? भयंकर वाटलं. त्याला सोडायला आम्ही सगळे स्टेशनवर गेलो तेव्हा मी आईची शाल त्याला दिली, कारण त्याच्याकडे लोकरीचं काहीच नव्हतं. शाल फुलाफुलांची होती. त्याने ती घडी घालून पिशवीत ठेवली.

माझा तिसरा दिवस मात्र अर्धवटच होता, आणि सर म्हणाले, अर्धवट वही मी जमा करून घेणार नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात एक दिवस मी पुन्हा गच्चीवर तीन पेट्या मांडल्या. या खेपेला आदल्या दिवशी बाबांना चटईवर बसवून सगळं सांगितलं. कोणती पेटी कशासाठी, माती का, खडी का, उघडा बर्फ उघडाच का ठेवायचा. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि दुसऱ्याचं उत्तर मला सरांना विचारून यावं लागलं.

सकाळी ते बर्फ घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, सुटी घेतली. मे महिन्यात बर्फ कारखान्यातला माणूस सुटी घेतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, डोक्याला दुपट्टा बांधून, ते उघड्या पेटीसमोर उकिडवे बसले. तासातासाला ते वाकून पट्टी वाचायचे आणि मी लिहायची. ऊन चढलं तसा बर्फ घाम सुटावा तसा पाझरू लागला. पाणी पेटीच्या फटींतून गच्चीवर यायचं आणि फुटभर जाऊन सुकायचं.

अकरा वाजता मी बघितलं, त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. मुलं परीक्षेत बोलू नये म्हणून तोंडावर बोट ठेवतात ना, तसे. एकदा उजवा हात निसटला, शेजारी पडलेल्या रिकाम्या पोत्याकडे गेला, आणि त्यांनी तो परत आणून दाबला. "बाबा, तुम्ही खाली सावलीला बसा," मी म्हणाले. "तुम्हाला बघवत नाही हे."

"नाही बघवत," ते म्हणाले. "पन तुहं काम हाये ना. पिघळू दे."

बारा ते एक आम्ही जिन्यात बसून भाकर-ठेचा खाल्ला. दार लावलेलं होतं, आणि ते त्या दाराकडे पाठ करून बसले होते. जन्मभर ज्या माणसाने बर्फाचा एक तुकडा वाया जाऊ दिला नाही, तो माझ्यासाठी दाराआड अख्खी पेटी वितळू देत होता. मी हिमालयात गेले नाही याचं दुःख तिथे, त्या जिन्यात, भाकरीचा तुकडा हातात असताना संपलं.

दोनची नोंद घ्यायला मी वाकले तर पट्टीवरच्या रेघा काही दिसेनात. डोळे भरून आले होते. बाबांनी माझ्या हातातून पट्टी घेतली, बर्फावर टेकवली, आणि बराच वेळ नीट बघून म्हणाले, "लिव. तीन इंच दोन सूत गेला."